विसरण्याचा अभ्यास आणि आपली मुलं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी जे सुटलं, ते एक-दोन ठिकाणी भरून घेतलं आहे.)

 १९८५ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

काल रात्री जेवणं झाल्यावर आपला एक कार्यक्रम रंगला होता, तो कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. जुना गटफोटो मधे ठेवायचा आणि एकेकाचं नाव सांगायचं. दुसऱ्या रांगेतल्या दोन वेण्यावाल्या मुलीचं नाव आठवायला चार जण आणि एक फोन लागला. तेव्हा कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आता मला अल्झायमर होणार बघा." सगळे हसले, मीही हसले. पण खोलीवर गेल्यावर मी माझं लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि ही टिपणं काढली.

आधी एक खुलासा करते. जुन्या मैत्रिणीचं नाव जिभेवर येऊन अडणं आणि मग रात्री दिवा मालवल्यावर ते आठवणं, हा आजार नाही. ते आपलं वय आहे. नेहमीच्या वाटेवर वाट चुकणं, पन्नास वर्षं केलेला रोजचा व्यवहार हातून सुटू लागणं, तेच ते पुन्हा पुन्हा विचारणं आणि विचारल्याचंही लक्षात नसणं, ही गोष्ट वेगळी. तिला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. आणि अल्झायमर हे त्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. आपल्याकडे यासाठी आधीपासून एक शब्द होताच, म्हातारचळ. त्या शब्दानं फार नुकसान केलं असं माझं मत आहे. एकदा म्हातारचळ म्हटलं की डॉक्टरकडे जायचं कारणच उरत नाही.

संयोजकांनी मला विषय दिला होता, 'कॉलेजातल्या मुलांना संशोधनाच्या संधी'. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं आज बीएस्सी, एमबीबीएस, इंजिनिअरिंगला आहेत. त्यांतल्या अनेकांच्या घरी ऐंशीच्या पुढचे आईवडीलही आहेत. या दोन गोष्टी एकाच घरात आहेत, म्हणून मी दोन्ही एकत्र बोलणार आहे.

तुमच्यापैकी काही जणांनी माझ्या वडिलांना पाहिलं आहे. अण्णा पतसंस्थेत होते. खतावणीच्या लांबलचक रकान्याची बेरीज ते बोट खालीपर्यंत नेईतो करून टाकायचे, हातचा कुठे लिहायचे नाहीत. ते आमच्याकडे पुण्याला राहायला आल्यावर एका महिन्यात दूधवाल्याचे पैसे त्यांनी तीनदा दिले. मग पासबुक गाद्यांच्या घडीत सापडायला लागलं. आई फोनवर काळजीनं बोलायची आणि मी तिला सांगायचे, "अगं, वय झालंय त्यांचं." हे मी जवळजवळ दोन वर्षं सांगत होते. मी मानसशास्त्र शिकवते. तृतीय वर्षाला स्मृती हा पेपर माझ्याकडेच आहे.

त्या वर्षी आमच्या मुलींचा एक छोटा प्रकल्प चालू होता. घड्याळाची चाचणी म्हणून एक साधी चाचणी असते. कोऱ्या कागदावर घड्याळाची तबकडी काढायची, आकडे घालायचे आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर लावायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यात सूचना लक्षात ठेवणं, जागेचा अंदाज आणि नियोजन हे सगळं येतं. 'दहा मिनिटं' म्हणताना काटा दहावर न लावता दोनवर लावायचा, हे तर मेंदूला चांगलंच कामाला लावतं. एका विद्यार्थिनीला सरावासाठी निरोगी ज्येष्ठ माणूस हवा होता. मी म्हटलं, घरी ये, अण्णा आहेत. अण्णा खुशीत बसले, स्वतः पेन्सिलीला टोक केलं. मी आत चहा टाकत होते.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात घुटमळत उभी राहिली. तिच्या हातात तो कागद होता. बाराही आकडे तबकडीच्या उजव्या अर्ध्या भागात एकावर एक दाटले होते, डावी बाजू मोकळी. काटा एकच होता. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, हा कागद निरोगींच्या गठ्ठ्यात ठेवू का?"

एकोणीस वर्षांची मुलगी. तिला निदान करायचं नव्हतं, तो तिचा अधिकारही नव्हता, आणि हे तिला माहीत होतं. तिनं फक्त प्रश्न विचारला. त्या आठवड्यात आम्ही अण्णांना न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं.

म्हणून लोक जेव्हा मला विचारतात, "पदवीच्या मुलांचं संशोधन म्हणजे काय हो, नुसतं प्रमाणपत्र?", तेव्हा मला तो कागद आठवतो.

आजाराबद्दल थोडंच सांगते, कारण ते इतरत्र वाचायला मिळतं. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे नावाची एक बाई दाखल झाली. डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. त्यांनी तिला तिचं नाव लिहायला सांगितलं, ते तिला पुरं लिहिता आलं नाही. १९०६ साली ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी आपली निरीक्षणं मांडली. दाखल झाली तेव्हा तिचं वय होतं ५१. म्हणजे या सभागृहातल्या आपल्या तुकडीतल्या प्रत्येकापेक्षा लहान. एवढ्या तरुण वयात हा आजार क्वचितच होतो, पण ही सुरुवात लक्षात असावी. आज आपल्या देशात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये शंभरात साधारण सात जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असा अंदाज अलीकडच्या राष्ट्रीय पाहणीतून काढला गेला. त्या पाहणीत प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळलं. आणि विसरणारा प्रत्येक जण अल्झायमरचा नसतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही माणूस विसरतो, आणि यांवर उपाय आहेत. शाकाहारी घरांत बी-१२ ची तपासणी तर करूनच घ्यावी. घरच्या घरी निदान करून मोकळं होऊ नका, ती चूक मी केली आहे.

आता मुलं यात काय करू शकतात? औषध शोधणार नाहीत, हे उघड आहे. पण या क्षेत्रात एक साधी गोष्ट कमी आहे, आणि ती विशीतल्या मुलांच्या हातची आहे. आपल्या माणसांसाठी बनवलेल्या चाचण्याच पुरेशा नाहीत.

जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तीस गुणांची. तिच्यात एक प्रश्न आहे, आता ऋतू कोणता? आमच्या मुली भोरजवळच्या एका गावात गेल्या होत्या. एका आजींनी उत्तर दिलं, "सुगी चाललीय की." उत्तरपत्रिकेत उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीनच पर्याय. गुण द्यायचा की नाही? पुढचा प्रश्न, आपण कितव्या मजल्यावर आहोत? आजी म्हणाल्या, "मजला कुठला बाई, वर पत्रा हाय." मग एक वाक्य लिहायला सांगायचं. आजी शाळेत गेल्याच नव्हत्या. प्रश्नावली जशीच्या तशी लावली असती तर त्या आजारी ठरल्या असत्या, आणि त्या तर मुलींना गावातल्या चार पिढ्यांच्या सोयरिकी घडाघडा सांगत होत्या.

ही अडचण आधी कुणाला दिसली नव्हती असं नाही. हरियाणातल्या बल्लभगढला मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नावलीचं हिंदी रूप केलं, ते १९९५ साली प्रसिद्ध झालं. लिहिता-वाचता न येणाऱ्या खेड्यातल्या माणसांसाठी. 'डोळे मिटा' हे वाचून करण्याऐवजी 'मी करतो तसं करा'. वाक्य लिहायच्या जागी आपल्या घराबद्दल एक वाक्य बोला. हे नुसतं भाषांतर नाही, प्रत्येक प्रश्न नेमकं काय तपासतो हे समजून नवा प्रश्न शोधणं आहे. मराठीत, आणि मराठी म्हणजे पुण्याचीच नव्हे, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्यांसाठी, असं काम अजून खूप व्हायचं आहे. त्यासाठी आजीची भाषा येणारी मुलं लागतात. ती तुमच्या घरी आहेत.

इथे बाईंकडे बघून एक गोष्ट सांगायची आहे. आपल्याला मराठीला असलेल्या बाई दर शनिवारी निबंध लिहायला लावायच्या आणि 'छान आहे' असा शेरा कधीही द्यायच्या नाहीत. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन या संशोधकानं १९८६ मध्ये जोगिणींच्या एका संघात अभ्यास सुरू केला. पुढे त्यात ६७८ जोगिणी सहभागी झाल्या, सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. मठाच्या दप्तरात त्यांच्यापैकी काहींनी विशीत, दीक्षा घेताना लिहिलेली आत्मवृत्तं सापडली. संशोधकांनी त्या निबंधांत दर दहा शब्दांमागे किती कल्पना आहेत ते मोजलं. ज्यांचं विशीतलं लेखन कल्पनांनी भरलेलं होतं, त्यांच्यात साठ वर्षांनंतर अल्झायमर कमी आढळला. यातून लगेच 'निबंध लिहा, आजार टाळा' असा अर्थ काढू नका. कदाचित आजाराची बीजंच फार आधी पडत असतील, कदाचित समृद्ध भाषेच्या मेंदूला जास्त सोसता येत असेल. त्यांच्यातल्या सिस्टर मेरी १०१ वर्षं जगल्या. शेवटपर्यंत चाचण्यांत हुशार ठरल्या, आणि मृत्यूनंतर मेंदू पाहिला तर तो अल्झायमरच्या खुणांनी भरलेला निघाला. हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही.

हाच प्रयोग मराठीत करायचा तर पहिला प्रश्न येतो, मोजायचं कसं? आपल्या 'गेलीस' या एका शब्दात जाणं आलं, ते होऊन गेलं हे आलं, समोर कुणीतरी आहे आणि ती बाई आहे, हेही आलं. इंग्रजीचं माप इथे लागत नाही. हे काम डॉक्टरांचं नाही, मराठी किंवा भाषाविज्ञान घेऊन बीए करणाऱ्या मुलाचं आहे. ज्यांची मुलं 'नुसतं बीए' करतात म्हणून तुम्ही काल थोडं खालच्या आवाजात सांगत होतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम बोलले.

तसंच कॉम्प्युटरवाल्यांचं. बोलण्यातले विराम, अडखळणं, 'ते हे... ते आपलं' असं म्हणणं, यांवरून आजाराचा माग काढायचे प्रयत्न जगात जोरात चालू आहेत. पण त्यासाठी वृद्धांच्या मराठी बोलण्याची ध्वनिमुद्रणं लागतात, नीट संमती घेऊन केलेली, आणि तीच कमी आहेत.

आता प्रत्यक्ष दारं कोणती, ते सांगते. कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

एमबीबीएस आणि बीडीएसच्या मुलांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती आहे. १९७९ पासून चालू. आपल्याच कॉलेजातले एक मार्गदर्शक गाठायचे, प्रस्ताव लिहायचा, नैतिकता समितीची परवानगी घ्यायची आणि दोन महिन्यांत काम करून अहवाल द्यायचा. विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी बंगळूरु, दिल्ली आणि प्रयागराजच्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काढायला मिळतात. अर्ज मात्र उन्हाळ्यात भरायला गेलात तर गाडी निघून गेलेली असते, आधीच्या हिवाळ्यातच लक्ष ठेवायचं. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी आली आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. ते वर्ष वाया गेलं असं आईवडिलांना वाटतं. मला तसं वाटत नाही.

काम कुठे चालतं हेही माहीत असावं. बंगळूरुला निम्हान्समध्ये मेंदूंची पेढी आहे, दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास तिथे होतो. तिथेच भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात मेंदू संशोधन केंद्र आहे. त्यांनी कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांत ४५ वर्षांवरच्या माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवायचं काम घेतलं आहे. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, न शिकलेल्यांतसुद्धा. २०१३ साली आलेल्या या अभ्यासाची दखल जगानं घेतली. आणि आपल्या शेजारी गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन रुग्णाची काळजी घेणाऱ्याला समजावायचं, धीर द्यायचा. त्यानं काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते. रुग्ण एक असतो आणि त्याच्यामागे झोप न मिळालेली एक सून किंवा एक बायको असते. तिचा अभ्यास करायलाही कुणी लागतं.

मार्गदर्शकाला पत्र लिहिताना 'मला लहानपणापासून मेंदूची आवड आहे' असं लिहू नका, असं मुलांना सांगा. त्या माणसाचा एक शोधनिबंध वाचा, त्यातलं न कळलेलं एक वाक्य विचारा. उत्तर येण्याची शक्यता वाढते. आणि पैसे भरून चार आठवड्यांत प्रमाणपत्र देणारी 'इंटर्नशिप' दिसली तर लांब राहा. परदेशी प्रवेशासाठी मुलाच्या नावावर एक पेपर हवा, म्हणून माझ्याकडे पालक येतात. त्यांना मी चहा पाजते आणि परत पाठवते.

आमची फजितीही सांगून टाकते. एका वृद्धाश्रमात मुलांनी खूप मेहनतीनं चाचण्या घेतल्या. गुण इतके कमी आले की आम्ही हादरलो. मग एका मुलाच्या लक्षात आलं की एक आजोबा प्रत्येक प्रश्नाला त्याच्या ओठांकडे बघतायत. त्यांना ऐकूच येत नव्हतं. आणखी कितीतरी जणांचे चष्मे उशाला राहिले होते. आम्ही स्मरणशक्ती मोजतच नव्हतो, कान आणि डोळे मोजत होतो. सगळी माहिती बाद केली. चूक माझी होती, पत्रकात तो रकानाच मी ठेवला नव्हता. पण त्यातून मुलं लॅन्सेट आयोगाच्या अहवालापर्यंत पोचली. २०२४ च्या अहवालात बदलता येण्याजोगी चौदा कारणं दिली आहेत, ती सगळी हाताळता आली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असा अंदाज आहे. त्यात रक्तदाब आहे, मधुमेह आहे, ऐकू न येणं आहे. आणि लहानपणी शाळा कमी मिळणं हेही आहे. सर, बाई, तुमचं काम त्या यादीत आहे.

अण्णा त्या कागदानंतर सहा वर्षं होते. आजार बरा झाला नाही, होत नाहीच. पण निदान झाल्यावर आईनं त्यांच्याशी भांडणं थांबवलं. पासबुक लपवतात ते आपल्याला त्रास द्यायला नाही, हे तिला कळलं. आम्ही बँकेचे व्यवहार त्यांच्या सहीनं, त्यांना विचारून वेळेत मार्गी लावले. दिवेलागणीला ते अस्वस्थ व्हायचे, तेव्हा आई त्यांना जुनी वही आणि पेन्सिल द्यायची. ते आकडे मांडत बसायचे. बेरीज चुकलेली असायची. कुणी तपासत नव्हतं. ती दोन वर्षं मी वाया घालवली नसती, तर आईची ती भांडणंही वाचली असती.

ती विद्यार्थिनी आता बाहेरगावी पीएचडी करते आहे. तो कागद आम्ही कुठल्याच गठ्ठ्यात ठेवला नाही. माझ्याकडे आहे.

शेवटची गोष्ट, खरं तर ही मागणीच आहे. आजारी कोण हे ठरवायला निरोगी माणूस काय करतो हे आधी माहीत असावं लागतं. पंचावन्न-साठीचा, मराठी माध्यमात शिकलेला, तालुक्याच्या गावचा माणूस ही चाचणी कशी देतो? सातवी झालेली त्याची आई कशी देते? असे नमुने आम्हाला हवेत, आणि ते मिळत नाहीत. रुग्ण येतात, कारण त्यांना गरज असते. धडधाकट माणसाला वेळ नसतो. काल नावं आठवत हसणारे तुम्ही सगळे माझ्या दृष्टीनं फार मोलाचे आहात.

माझ्या दोन विद्यार्थिनी माझ्याबरोबर आल्या आहेत. जेवणानंतर त्या आपल्या दहावी 'ब' च्या वर्गात बसतील. मुख्याध्यापकांची आणि आमच्या समितीची परवानगी घेतली आहे. आधी संमतीपत्र नीट वाचा, नको वाटलं तर सही करू नका, मधेच उठून जायचीही मुभा आहे. कुणाचे गुण कुणाला सांगितले जाणार नाहीत, त्यामुळे पहिला नंबर कुणाचा हे विचारायला येऊ नका. साधारण अर्धा तास लागेल. येताना चष्मा आणा, आणि कानाचं यंत्र असेल तर तेही लावून या.